कुलूपबंद घराची घरपट्टी

मुंबईचा मालमत्ता कराचा कायदा कोणत्याही जागेला मुख्यतः दोन प्रश्न विचारतो: तुझे क्षेत्रफळ किती, आणि तुझ्यात माणसे राहतात की धंदा चालतो? तिथे खरोखर कोणी राहते का, हा तिसरा प्रश्न तो विचारत नाही. करी रोडसारख्या भागात या न विचारलेल्या प्रश्नाची किंमत उघड दिसते. समजा, एखाद्या नव्या इमारतीत ४९० चौरस फुटांचा फ्लॅट आहे. मालकाने तो गुंतवणूक म्हणून घेतला, दाराला कुलूप लावले आणि भाव चढायची वाट पाहत बसला. त्याचा मालमत्ता कर शून्य. त्याच रस्त्यावर जुन्या चाळीच्या तळमजल्याला १२० चौरस फुटांचा गाळा आहे. सकाळी सहाला शटर वर जाते, दोन माणसे दिवसभर उभी राहून चहा-वडापाव विकतात. या गाळ्याला कर पूर्ण, तोही घराच्या दराने नव्हे तर व्यापारी दराने, आणि वर रोजगार हमी उपकर. राहत्या घरांना आणि हातावर पोट असलेल्या धंद्यांना सवलत द्यायची असेल, तर ती क्षेत्रफळावरून ठरवणे ही आता चुकीची पद्धत झाली आहे. जागेचा उपयोग होतो की ती अडवून ठेवली आहे, यावरून कर ठरला पाहिजे. हे म्हणणे सोपे आहे, त्याच्यावरचे आक्षेप मात्र सोपे नाहीत.

आधी हा कर इथवर कसा आला ते पाहू. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यात घरपट्टी भाड्यावर ठरत असे. जागा भाड्याने दिली तर वर्षाला वाजवी अपेक्षित भाडे किती येईल, हे त्या जागेचे करपात्र मूल्य. या हिशेबात रिकाम्या जागेला दया होती. सलग ३० दिवस वा त्याहून अधिक काळ जागा रिकामी राहिली, तर तेवढ्या दिवसांच्या सर्वसाधारण कराचा दोन तृतीयांश भाग परत देण्याची तरतूद मूळ कायद्यात होती. तर्क सरळ होता: भाडे नाही, म्हणजे उत्पन्न नाही, म्हणजे कर कमी. त्या काळच्या गिरणगावात तो चालूनही गेला असेल, कारण एका खोलीत दोन-दोन पाळ्यांचे कामगार झोपत होते आणि खोली रिकामी ठेवण्याची चैन कोणाला परवडत नव्हती. पुढे भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० ची भाडी गोठवली आणि करही त्यांच्यासोबत गोठला. भाडे नियंत्रणाखालच्या इमारतीचे करपात्र मूल्य कायद्याने ठरलेल्या प्रमाणित भाड्याच्या वर नेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७९ च्या डिसेंबरमध्ये दिवाण दौलतराय कपूर यांच्या दिल्लीतल्या खटल्यात स्पष्ट केले. परिणाम असा झाला की परळच्या पागडीच्या इमारतीला जुना नाममात्र कर आणि उपनगरातल्या नव्या इमारतीला तिच्या कितीतरी पट कर, अशी उलटी स्थिती अनेक वर्षे चालली.

या विसंगतीवर उपाय म्हणून १ एप्रिल २०१० पासून भांडवली मूल्याची पद्धत आली. मुद्रांक शुल्कासाठी सरकार दरवर्षी काढते त्या शीघ्र सिद्ध गणकातला, म्हणजे रेडी रेकनरमधला भाव हा तिचा पाया. त्याला क्षेत्रफळाने गुणायचे आणि मग एकेक भारांक लावायचा: वापर कसला, बांधकाम कुठल्या प्रकारचे, इमारतीचे वय किती, मजला कितवा. इमारत जुनी असेल तर मूल्य उतरते, लिफ्टच्या इमारतीत वरचा मजला असेल तर चढते. आलेल्या मूल्यावर सर्वसाधारण कर, जलकर, जललाभ कर, मलनिःसारण कर, मलनिःसारण लाभ कर, पालिकेचा शिक्षण उपकर, राज्याचा शिक्षण उपकर, वृक्ष उपकर, पथकर अशा ओळी बिलावर एकाखाली एक उतरतात. बिल सहामाहीचे असते आणि मुदत उलटली की दरमहा दोन टक्के दंड चढतो. एकदम मोठा धक्का बसू नये म्हणून पहिल्या पाच वर्षांत निवासी जागेचा कर जुन्याच्या दुपटीवर आणि बिगरनिवासी जागेचा तिपटीवर जाऊ नये, अशी मर्यादा घातली गेली. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना तर वाढच नव्हती. पुढच्या फेरआकारणीला चाळीस टक्क्यांची कमाल मर्यादा आली. या सगळ्यात एक बदल मुकाट्याने झाला. कर भाड्यावरून किमतीवर गेला. म्हणजे रिकाम्या जागेवर दया करण्याचे कारणच संपले, कारण कुलूप लावल्याने फ्लॅटची किंमत एका रुपयानेही घटत नाही. पण मग जागा अडवून ठेवणाऱ्याकडून जास्त घ्यावे, हा पुढचा विचार कोणी केला नाही.

करी रोडला या पद्धतीचा चटका वेगळा बसला. १९८२ च्या जानेवारीत सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि त्यांच्या जमिनींवर कार्यालये, मॉल आणि मनोरे आले. फिनिक्स, कमला, मफतलाल, ज्युपिटर, श्रीनिवास ही नावे आता कापडापेक्षा पत्त्यांसाठी जास्त घेतली जातात. महादेव पालव मार्गावर साठ मजल्यांच्या वर गेलेली इमारत उभी आहे आणि तिच्या सावलीत शंभरी गाठणाऱ्या चाळी. रेल्वेच्या पूर्वेला पालिकेचा एफ दक्षिण विभाग, पश्चिमेला जी दक्षिण. रेडी रेकनर भाव विभागवार ठरवतो, त्यामुळे मनोऱ्यातल्या व्यवहारांनी चढलेला भाव शेजारच्या गाळ्याच्या हिशेबातही शिरतो. इमारतीच्या वयाचा भारांक त्यातले थोडे कमी करतो, सगळे नाही.

अशा परिस्थितीत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना दिलेली माफी समजण्यासारखी होती. २०१९ मध्ये त्यांचा सर्वसाधारण कर माफ झाला आणि १ जानेवारी २०२२ पासून संपूर्ण मालमत्ता कर. सुमारे १६ लाख घरांना लाभ आणि पालिका व राज्य मिळून साडेचारशे कोटींहून थोडा अधिक वार्षिक भुर्दंड, असा हिशेब तेव्हा मांडला गेला. माफीमागची भीती खरी होती. चाळीतल्या कुटुंबाला पुनर्विकासात घर मिळते, पण घराची किंमत वाढते म्हणून त्याचे उत्पन्न वाढत नाही. ना. म. जोशी मार्ग, नायगाव आणि वरळीच्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीत राहणाऱ्याला ५०० चौरस फुटांचे घर मिळायचे आहे. वरळीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिल्या गेल्या. गिरणी कामगारांसाठी म्हाडाने बांधलेली घरे तर २२५ चौरस फुटांची. या माणसांना मनोऱ्याच्या भावाने घरपट्टी लावली असती तर पुनर्विकासानेच त्यांना कर्जत-बदलापूरला हाकलले असते. तेव्हा माफीला विरोध करण्याचे कारण नाही. खोट आहे ती माफी जिला चिकटवली त्या मापात. कायद्याचे शब्द ४६.४५ चौरस मीटर चटई क्षेत्र किंवा त्याहून कमी, एवढेच. मालकाचे हे पहिले घर की पाचवे, तो तिथे राहतो की फक्त दिवाळीला धूळ झटकायला येतो, याचा त्यात संबंध नाही. एकाच माणसाने ४८० फुटांचे तीन फ्लॅट घेतले तर तिन्ही माफ. आणि ५२० फुटांच्या एकाच घरात तीन पिढ्या राहत असतील तर त्यांना पूर्ण बिल. ही मर्यादा ७०० फुटांपर्यंत न्यावी अशी मागणी अधूनमधून होते. तिने दुसरी अडचण थोडी सुटेल आणि पहिली आणखी वाढेल.

कुलूपबंद घरांचा प्रश्न खरोखर एवढा मोठा आहे का? २०११ च्या जनगणनेत मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार रिकामी घरे आढळली. देशातल्या शहरांत हा आकडा सगळ्यांत मोठा, आणि २०१७-१८ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीने तो मुद्दाम पुढे आणला. आकडा जपूनच वापरायला हवा. जनगणनेच्या ‘रिकाम्या घरा’त बंद दुकाने आणि बिगरनिवासी जागाही येतात, बिल्डरकडचा न विकलेला माल येतो, वारसांच्या भांडणात अडकलेल्या खोल्या येतात. शिवाय तो जुना आहे. तरीही त्यातला निम्मा सोडून दिला तरी उरतात ती दोन लाखांवर घरे, आणि तीही ज्या शहरात माणसे झोपडीत राहतात आणि डोंबिवलीहून लोंबकळत कामाला येतात त्या शहरात. पालिकेची गरजही बदलली आहे. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला आणि जकात गेली. जकात हे पालिकेचे स्वतःचे सर्वांत मोठे उत्पन्न होते. तिची भरपाई राज्याकडून येते, पण ती दुसऱ्याच्या हातून येणारी रक्कम. स्वतःच्या हातातला मोठा कर आता मालमत्तेचाच. २०२५-२६ साठी ७४ हजार कोटींचे अंदाजपत्रक मांडणारी संस्था त्यातून वर्षाला सहा हजार कोटींच्या आसपास जमवते.

राहते घर आणि दुसरे घर यांत फरक करणे आपल्याकडे नवीन नाही, आणि त्यासाठी परदेशात जायचीही गरज नाही. पुणे महापालिका १९७० पासून स्वतः राहणाऱ्या घरमालकाला करपात्र मूल्यात चाळीस टक्के सवलत देत आली. लेखापरीक्षणातल्या आक्षेपानंतर राज्य सरकारने ती काढली, पुण्यात गदारोळ झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून ती परत आली. परत आली ती एका अटीसह: आपण तिथे राहतो याचा पुरावा जोडून पीटी-३ नावाचा अर्ज भरायचा. अर्जाची मुदत वाढवावी लागली, क्षेत्रीय कार्यालयांत रांगा लागल्या, अनेक प्रामाणिक माणसे केवळ अर्ज राहिला म्हणून सवलतीला मुकली. पुण्याकडून घ्यायचे तत्त्व आहे आणि टाळायचा तो अर्ज. बंगळूरुनेही २००८ च्या पद्धतीत भाड्याने दिलेल्या घराचा दर मालकाच्या राहत्या घराच्या दुप्पट ठेवला. प्राप्तिकर खात्याला तर घरे मोजण्याची सवयच आहे: २०१९ पर्यंत एकच घर ‘स्वतःच्या राहण्याचे’ मानून बाकीच्यांवर काल्पनिक भाडे धरले जाई, नंतर ती सूट दोन घरांपर्यंत गेली. बाहेर पाहायचेच तर व्हँकुव्हरने २०१७ पासून रिकाम्या घरांवर त्यांच्या किमतीच्या एक टक्का कर लावला आणि पुढे तो तीन टक्क्यांवर नेला. शहराच्याच अहवालांनुसार रिकामी घरे घटली. इंग्लंडमधल्या स्थानिक परिषदांना एप्रिल २०२५ पासून दुसऱ्या घरावर दुप्पट कर लावण्याची मुभा मिळाली, वेल्समध्ये ती आधीच आणि त्याहून कडक आहे.

आता आक्षेप. पहिला नेहमीचा: दुसरे घर घेणाऱ्याने मुद्रांक शुल्क भरले, घेताना जीएसटी भरला, तो पालिकेचे पाणीही वापरत नाही, मग त्याच्याकडून जास्त का? मुद्रांक शुल्क एकदाच भरायचे आणि ते राज्याच्या तिजोरीत जाते. पालिकेचा खर्च मात्र रोजचा आहे. जलवाहिनी त्या मजल्यापर्यंत टाकलेलीच असते. अग्निशमन दलाला उंच इमारतींसाठी साधने ठेवावीच लागतात, तिथे कोणी राहो वा न राहो. आणि करी रोडच्या घराचा भाव चढतो तो पूल, मोनो, रस्ते, मलवाहिन्या यांवर सार्वजनिक पैसा खर्च झाल्यामुळे. कुलूपवाला मालक त्या चढलेल्या भावाचा पूर्ण धनी असतो आणि खर्चात त्याचा वाटा सवलतीचा. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: जास्तीचा कर मालक भाडेकरूच्या माथी मारेल. पुणे आणि बंगळूरुच्या पद्धतीला हा आक्षेप लागूच पडतो, कारण तिथे सवलत ‘मालक राहतो’ यावर आहे आणि भाड्याने राहणारा माणूस नकळत जास्त कर भरतो. लोअर परळच्या कार्यालयांत काम करणारी, तिघे-चौघे मिळून फ्लॅट घेणारी मुले यात भरडली जातील. म्हणून मुंबईने ओळ दुसरीकडे आखावी. मालक राहतो की भाडेकरू, हे विचारूच नये. कोणीतरी राहते का, एवढेच विचारावे. राहत्या घराला, मग ते भाड्याचे का असेना, सवलत. बंद घराला जादा दर. असे केले तर कराचा दाब भाडे वाढवण्याकडे न जाता कुलूप काढण्याकडे जातो. बेनामीची पळवाटही बुजते: एक फ्लॅट बायकोच्या नावावर, एक मुलाच्या, एक मेव्हण्याच्या, हे मोजत बसायची गरज राहत नाही.

पण राहते की नाही, हे ओळखायचे कसे? पुण्यासारखे प्रत्येकाला अर्ज भरायला लावले तर सोळा लाख कुटुंबांना वॉर्ड ऑफिसच्या दारात उभे करावे लागेल. ते उलट करता येते. सगळी घरे राहती धरायची, आणि वर्षभर विजेचा वापर नगण्य असेल त्यांनाच नोटीस पाठवायची. शहर भागात वीज बेस्टची, म्हणजे पालिकेच्याच उपक्रमाची. पाण्याचे मीटर पालिकेचे. कोणी पंखा आणि दिवा लावून ठेवून यंत्रणेला फसवेल हे खरे, पण फ्रिज, गिझर, पंप यांसकट माणूस राहत असल्याचे सोंग बारा महिने वठवायला खर्च येतो. दवाखान्यात असलेला वृद्ध, परदेशी गेलेला खलाशी, पुनर्विकासात न मिटलेला वाद, वारसाहक्काचा दावा, अशा अपवादांना दोन वर्षांची मुभा द्यावी. बिल्डरच्या न विकलेल्या फ्लॅटवर प्राप्तिकर कायदा दोन वर्षे काल्पनिक भाडे धरत नाही, तीच मुदत इथेही चालेल.

लालबाग-परळमध्ये सगळ्यांत भावनिक आक्षेप असेल तो चाकरमान्याचा, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. करी रोडच्या चाळीतल्या अनेक बिऱ्हाडांचे ‘दुसरे घर’ कोकणात आहे. ते अकरा महिने बंद असते, गणपतीला आणि शिमग्याला उघडते. तत्त्व मानायचे तर रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या ग्रामपंचायतीनेही त्याच्याकडून जादा घ्यावे का? ग्रामपंचायतींची घरपट्टीही २०१५ च्या अखेरच्या नियमबदलापासून भांडवली मूल्याकडे वळली आहे, तेव्हा प्रश्न काल्पनिक नाही. माझे उत्तर असे, की जादा कराचे समर्थन घरांच्या टंचाईतून येते, मालकाच्या सुबत्तेतून नाही. जिथे बंद घरामुळे दुसऱ्याला राहायला जागा मिळत नाही, तिथेच तो न्याय्य ठरतो. ज्या वाडीत माणसेच उरली नाहीत तिथे बंद घर कोणाचा निवारा हिरावत नाही; उलट वर्षातून दोनदा उघडणाऱ्या त्या दारांवरच गाव टिकून आहे. अलिबाग किंवा लोणावळ्यात गोष्ट वेगळी. तिथे मुंबईकरांच्या बंगल्यांनी जमिनीचे भाव स्थानिक माणसाच्या आवाक्याबाहेर नेले आहेत आणि तिथल्या संस्थांनी हा विचार करायला हरकत नाही. म्हणजे हा अधिकार सरसकट असू नये, टंचाई असेल तिथल्या संस्थेपुरता असावा. आणि उलटा चाकरमानीही असतो: मुलगा विरारला स्थायिक, आई-वडील गावी, करी रोडची पागडीची खोली मात्र पुनर्विकासाच्या आशेने बंद. त्याला माझ्या सूचनेचा चिमटा बसेल. त्याने खोली कोणाला तरी राहायला द्यावी म्हटले, तर पोटभाडेकरू ठेवला म्हणून मालक त्याला बाहेर काढू शकतो. ही कोंडी भाडे कायद्याची आहे. ती सुटेपर्यंत पागडीच्या खोल्या जादा दरातून वगळाव्याच लागतील.

व्यापारी जागांचे काय? धंदा कमावतो म्हणून त्याने जास्त द्यावे, हे ऐकायला ठीक वाटते. पण मालमत्ता कर कमाई पाहत नाही. कमला मिलच्या आवारातले रेस्टॉरंट आणि चाळीच्या जिन्याखालचा चांभाराचा गाळा, दोघांनाही तो चौरस फुटांत मोजतो. मोठ्या कंपन्यांना हा कर झेपतो, भाडेकरारातच तो कोणी भरायचा हे ठरलेले असते. पागडीच्या गाळ्याला जुने भाडे कमी असते, पण करातली वाढ भाडेकरूकडून घेण्याची मुभा १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा मालकाला देतो, आणि मग कराचा वाटा भाड्याहून जड होऊ शकतो. निवासी माफीला ५०० फुटांचा उंबरठा मिळाला, गाळ्यांना कसलाच मिळाला नाही. दीडशे-दोनशे फुटांपर्यंतच्या, एकाच मालमत्ता खात्यावर एकट्या असलेल्या गाळ्यांना घरांचा दर लावला तर पालिकेचे नुकसान फार होणार नाही. मोठी रक्कम मनोऱ्यांतल्या कार्यालयांकडून येते. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात पालिकेने उलट दिशेला बोट दाखवले. झोपड्यांतल्या सुमारे पन्नास हजार व्यापारी गाळ्यांवर कर बसवून साडेतीनशे कोटी मिळतील, असा अंदाज मांडला. गाळेवाल्यांनी काहीच देऊ नये असे नाही, नोंद झाल्याने त्यांच्या हाती एक कागदही येतो. पण सोळा लाख माफ घरांत किती कुलूपबंद आहेत हे न मोजता झोपडीतल्या पिठाच्या गिरणीवाल्याकडे आधी जाणे, हा क्रम उफराटा आहे.

हे बदल आयुक्तांच्या सहीने होणारे नाहीत. ५०० फुटांची माफी विधिमंडळाने कायद्यात घातली आहे, तेव्हा ‘जिथे कोणी राहते’ ही अट जोडायची तर विधिमंडळानेच जोडावी लागेल. नियम घाईत केले तर ते टिकत नाहीत, हा धडाही ताजा आहे. मोकळ्या जमिनीचे मूल्य तिच्यावर उद्या किती बांधता येईल यावरून काढणारे पालिकेचे नियम उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केले आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तो निकाल कायम ठेवला: जागा आज जशी आहे तसेच तिचे मूल्य धरावे, आणि नियम मागच्या तारखेपासून लावू नयेत. बंद फ्लॅटला हा अडसर नाही. तो उद्याची शक्यता नसून आज उभे असलेले, लिफ्ट आणि नळ असलेले घर आहे. राजकीय धैर्याचा मात्र दुष्काळ आहे. २०२० ची फेरआकारणी करोनामुळे पुढे गेली, पुढे वर्षानुवर्षे ढकलली गेली. २०२३ च्या डिसेंबरमध्ये वाढीव बिले निघाली आणि ओरड होताच मागे घेतली गेली. सरसकट वाढीला होणारा विरोध सगळ्यांचा असतो, म्हणून तो यशस्वी होतो. कुलूपबंद घरांपुरत्या वाढीला विरोध करणारे थोडे असतील, पण त्यांची पोच मोठी असेल, आणि ते बोलताना पुढे करतील तो चाळीतला पेन्शनर. त्याचे घर राहते आहे, त्याला या बदलाने एक पैसाही द्यावा लागणार नाही, हे मसुद्याच्या पहिल्याच कलमात लिहून ठेवलेले बरे.